स्पर्धा भरवा, पाणी आपलंच आहे

धावण्याच्या मॅरेथॉन आता कुणीही भरवतं. तालुक्याच्या गावातसुद्धा दर रविवारी कुणी ना कुणी कशासाठी तरी धावत असतं. तुम्हाला उठून दिसायचं असेल तर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये दहा किलोमीटर पोहण्याची स्पर्धा भरवा. रस्ता बंद करायला नको, वाहतूक पोलिसांची मनधरणी नको, खड्डे तर नाहीतच. पाणी आधीपासून तिथं आहे. पाटबंधारे खात्याच्या ज्या साहेबांची सही लागते, त्यांनाच प्रमुख पाहुणे केलं की परवानगी आणि पाहुणे दोन्ही कामं एकाच चहात उरकतात.

सुरुवात टी-शर्टापासून करावी. पोहणाऱ्याला पाण्यात टी-शर्ट घालता येत नाही, ही गोष्ट गौण आहे. मागच्या बाजूला प्रायोजकांची नावं मावली पाहिजेत. मग मेडल, मग स्टेज, साउंड सिस्टीम, पुण्याहून येणारा सूत्रसंचालक, त्याचा गॉगल, आणि ड्रोन. ड्रोनशिवाय स्पर्धा झाली असं आजकाल कुणी मानत नाही. एवढं सगळं झाल्यावर जे पैसे उरतील त्यात होड्या बघाव्यात. नाही उरले तर फ्लेक्सवर ‘सुरक्षेची चोख व्यवस्था’ असं ठळक छापून घ्यावं. दिवसभराच्या एका होडीच्या भाड्यात चार फ्लेक्स होतात आणि ते लांबूनही दिसतात.

तरी होड्यांचा प्रश्न कुणीतरी काढतोच. बाहेरच्या देशांत या बाबतीत फार लाड चालतात. मोठं सरोवर एकट्यानं पोहून जाणाऱ्याच्या शेजारी अख्खा वेळ एक कायाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, असते. कायाकवाला दर वीस-तीस मिनिटांनी दोरीला बांधलेली बाटली त्याच्याकडे टाकतो, पोहणारा पाण्यातच उताणा होऊन दोन घोट घेतो, बाटली सोडतो आणि पुढे निघतो. होडीला हात लावून आधार घेतला तर बाद. हा शेवटचा नियम तेवढा आपण उचलावा. होडीच नसली की तो आपोआप काटेकोर पाळला जातो.

तुमच्याकडे दोन होड्या असणार. एक फोटोग्राफरची. दुसरीतून प्रमुख पाहुणे, त्यांच्या सौभाग्यवती आणि दोन नातवंडं स्पर्धेची पाहणी करतील. मोटरबोट मिळालीच तर ती पोहणाऱ्यांच्या अगदी जवळून न्या, फेस उडाला की व्हिडिओ छान येतो. कुणाला वर ओढून घ्यायची वेळ आली तर आधी इंजिन बंद करावं लागतं, कारण पंखा पाण्याखाली फिरत असतो आणि माणसाचे पायही तिथंच असतात. पण इंजिन एकदा बंद केलं की ते पुन्हा चालू होईलच याची खात्री बोटवाल्याला नसते. चालू राहू द्या.

धरणावर मासेमारी करणारे भोई असतात. त्यांच्याशी बोलायच्या भानगडीत पडू नका. बुडालेल्या गावाची झाडं अजून कुठं उभी आहेत, जाळी कुठं लावलीत, कुठल्या कोपऱ्यात जलपर्णी साचते, गाळात पाय कुठं रुततो, हे त्यांना पाठ असतं. पण ते इन्स्टाग्रामवर नाहीत. शिवाय ते सांगणार, “साहेब, उन्हं चढली की वारं सुटतंय, लाटा येत्यात. उजाडताच सोडा पोरांना, नऊच्या आत काठाला आणा.” आता पाहुणे दहाला येणार, नारळ त्यांनीच फोडायचा, दीपप्रज्वलनाला पुन्हा वारा अडवायचा. उजाडताच कसं जमेल? अकराला सोडा. लाटांमुळे स्पर्धा चुरशीची होते.

पाण्याचं तापमान हा आणखी एक परदेशी चोचला. पोहण्याची जागतिक संघटना, म्हणजे तेव्हाची फिना, आताची वर्ल्ड ॲक्वाटिक्स, तिच्या नियमात खुल्या पाण्याच्या शर्यतीसाठी किमान १६ आणि कमाल ३१ अंश सेल्सियस अशी मर्यादा घातलेली आहे. ते मोजायचं कुठं, तर शर्यतीच्या मार्गाच्या मध्यभागी, ४० सेंटीमीटर खोलीवर, सुरुवातीच्या दोन तास आधी. इतका खटाटोप करण्यापेक्षा प्रशिक्षकांनी घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून अंगठा बुडवावा आणि “मस्त आहे” म्हणावं. आपल्याकडे काही कॅनडासारखी थंडी नसते.

कॅनडाचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. ओंटारियो सरोवर पहिल्यांदा पोहून पार केलं ते सप्टेंबर १९५४ मध्ये मॅरिलिन बेल या सोळा वर्षांच्या मुलीनं. अंतर पन्नास किलोमीटरच्या वर, वेळ जवळजवळ एकवीस तास. प्रशिक्षक गस रायडर रात्रंदिवस शेजारच्या होडीत होते आणि तिला धीर द्यायला फळ्यावर खडूनं लिहून दाखवत होते. म्हणजे बघा, सूत्रसंचालक नाही, साउंड सिस्टीम नाही, फळा आणि खडू! त्या सरोवराची आणखी एक खोड आहे. वारा काठाकडून आत वाहू लागला की वरचं उबदार पाणी ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी वर येतं. काल बरं वाटलेलं पाणी आज अंगाला झोंबतं. पुढं १९७४ मध्ये ते सरोवर ओलांडताना एका पोहणाऱ्याचा मृत्यू झाला आणि तिथल्या लोकांनी ‘सोलो स्विम्स ऑफ ओंटारियो’ नावाची संस्थाच काढली. आता तिथं सोबत एक स्विम मास्टर असतो. त्यानं “पुरे” म्हटलं की पुरे. पोहणाऱ्याची इच्छा, आईबापांचे डोळे, प्रायोजकाचा फुगा, कशाचीच मात्रा चालत नाही.

तुम्ही असा हुकूमशहा नेमू नका. थांबवायचा अधिकार सगळ्यांना द्या, म्हणजे तो कुणालाच राहत नाही. स्पर्धकाच्या वडिलांच्या हातात माइक दिला तर सर्वांत उत्तम. “हार मानू नकोस बाळा” हे वाक्य सहाशे वॅटवर पाण्यावरून जातं तेव्हा अंगावर काटा येतो. तिकडे बाळाच्या अंगावर तो आधीच आलेला असतो, थंडीनं.

थंडी कुठली, असं तुम्ही विचाराल. डिसेंबरात धरणाचं पाणी बावीस-तेवीस अंशांना असलं तर हाताला सुखद लागतं. पण त्यात चार तास काढले, आणि पोरगं सडपातळ असलं, तर शरीराची उष्णता पाणी हळूहळू काढून घेतं. हाताचे फटके मंदावतात, बोटं पसरतात, माणूस सरळ सोडून भलतीकडेच पोहू लागतो. त्याला “कसा आहेस?” विचारलं तर तो “ठीक” म्हणतो. बेशुद्ध पडायच्या थोडं आधीपर्यंत तो “ठीक”च म्हणतो. म्हणून जाणकार निरीक्षक असलं काही विचारत बसत नाहीत. ते घड्याळ लावून मिनिटाचे फटके मोजतात, सकाळच्या आकड्याशी ताडून पाहतात, आणि घराचा पत्ता नाहीतर बहिणीचं नाव विचारतात. तुम्हाला एवढा वेळ नाही. “ठीक” म्हणाला ना? वहीत ठीक लिहा.

तो काठावर आला की मात्र चपळाई दाखवा. पाण्यातून निघाल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं, आणि तेवढ्यात उभं केलं तर रक्तदाब कोसळून माणूस पडू शकतो. म्हणून डॉक्टर लोक सांगतात की फार गारठलेल्याला आडवाच उचला, ओले कपडे काढा, कोरडं करा, पांघरुणात गुंडाळा, हातपाय चोळू नका, गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं करू नका. हे सगळं करत बसलात तर सत्कार कधी होणार? त्याला दोन्ही बाजूंनी धरून थेट स्टेजवर न्या, शाल घाला (ती पांघरुणाचं काम करते, इथं आपली संस्कृती विज्ञानाच्या पुढे आहे), हातात श्रीफळ द्या आणि आमदारसाहेब फोनवरून मोकळे होईपर्यंत उभं ठेवा. थरथर फोटोत दिसत नाही.

डॉक्टर म्हणून मित्रमंडळातले दंतवैद्य चालतील. १०८ची रुग्णवाहिका पाहुण्यांच्या गाड्यांच्या मागे लावा.

जीवरक्षकांना कामाला लावा. दोन धट्टीकट्टी पोरं नुसती पाण्याकडे बघत उभी आहेत हे दृश्य प्रायोजकांना आवडत नाही. त्यांना केळी वाटायला सांगा. बुडणारा माणूस हात वर करून “वाचवा, वाचवा” ओरडतो, तेव्हा धावता येईलच. खरा बुडणारा ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला असतं, मान मागे कललेली असते, हात बाजूला पाणी दाबत राहतात आणि मिळालेला प्रत्येक श्वास पुढच्या श्वासासाठीच लागतो. हे एखादं मिनिट चालतं, बऱ्याचदा तेवढंही नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गडी जरा दमलाय, थांबलाय. तुम्हालाही तसंच वाटू द्या, केळी अजून दोन पेट्या आहेत.

आता मोजणी. या कामाला ना रिबीन कापता येते ना त्याचा फोटो निघतो, म्हणून ते तुमच्या चुलतभावाच्या मेव्हण्याकडे द्या. किती जण पाण्यात उतरले आणि किती बाहेर आले, हे दोन आकडे कधीच एका कागदावर येऊ देऊ नका. नावनोंदणी ऑनलाइन असते, स्पॉट एन्ट्री पावतीपुस्तकावर, ऐनवेळी न आलेले कुठंच नाहीत, आणि नगरसेवकांचा पुतण्या तर नंबर न घेताच उडी मारतो. दंडावर मार्करनं लिहिलेला नंबर दुसऱ्या किलोमीटरला पुसला जातो, कारण तुम्ही पाण्यात न पुसणारा मार्कर आणला नव्हता. अर्ध्यातून होडीत घेतलेल्यांना पलीकडच्या काठावर सोडा, म्हणजे ते रिक्षानं परस्पर घरी जातील आणि तुमच्या हिशोबात कायम पोहत राहतील.

२३ ऑक्टोबर २०१० ला संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराच्या समुद्रात याच जागतिक संघटनेच्या विश्वचषक मालिकेतली दहा किलोमीटरची शर्यत होती. पाणी कोमट, ऊन कडक. फ्रॅन क्रिपेन, वय २६, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा पट्टीचा पोहणारा. तो शेवटपर्यंत पोहोचलाच नाही, आणि हे आधी लक्षात आलं ते आयोजकांच्या नव्हे, त्याच्याबरोबर पोहून आलेल्या सोबत्यांच्या. शर्यत संपली होती. शोध घेतल्यावर तो सापडला तोपर्यंत फार उशीर झाला होता. वर सांगितलेली ३१ अंशांची मर्यादा त्यानंतर आली. तिथं जगातले निवडक पोहणारे होते, पंच होते, होड्या होत्या. तुमच्याकडे मेव्हणा आहे.

दुपारी सगळं आटोपलं की कपड्यांच्या तंबूत एखादी पिशवी उरते. आत चपला, मोबाईल, डबा. मोबाईलवर “आई” अशी अकरा मिस्ड कॉल्स दिसली तरी गडबडून जाऊ नका. सूत्रसंचालकाला सांगा, तो गोड आवाजात विचारेल की निळी पिशवी कुणाची आहे त्यांनी कृपया घेऊन जावी. स्वयंसेवक तोवर मिसळीला गेलेले असतात. मागे राहिलेल्यांसाठी थांबायला तुमच्याकडे वेळेची मर्यादा आहेच, तीन तास झाले की स्पर्धा अधिकृतपणे संपते. पाण्यात कोण असेल तर तो आता स्पर्धक नाही, पर्यटक आहे.

आणि कुणी फारच खोलात शिरलं तर हमीपत्र दाखवा. “माझ्या जिवाचं काही बरंवाईट झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.” खाली स्पर्धकाची सही, अठराच्या आतला असेल तर पालकांची. हेच तुमचं खरं सुरक्षा साधन. होडीपेक्षा हलकं, जीवरक्षकापेक्षा स्वस्त, लॅमिनेट केलं तर तरंगतंही.

बातमी आदल्या रात्रीच पाठवून ठेवा, “स्पर्धा अपूर्व उत्साहात व शांततेत पार पडली.” बक्षिसांची नावं तेवढी रिकामी सोडा. आणि पुढच्या वर्षीची घोषणा स्टेजवरूनच करून टाका, अंतर दहाचं पंधरा किलोमीटर, प्रवेश फी दीडपट. होड्या दोनच. त्यातली एक यंदाच बुक करा, पाहुण्यांची नातवंडं पुन्हा येणार म्हणालीत.