झाड मारायचंय? मग घाई करू नका

झाड मारायचं म्हटलं की लोक आधी कुऱ्हाड शोधतात. हे अगदी नवशिक्याचं लक्षण. कुऱ्हाडीचा आवाज होतो, चार माणसं जमतात, कुणीतरी व्हिडिओ काढतं. मुरलेला माणूस असल्या फंदात पडत नाही. तो झाडाची काळजी घेतो.

त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: झाड फार सावकाश मरतं. आज बुडाशी केलेला उद्योग शेंड्याला दिसायला कधी कधी पाच-सात वर्षं लागतात. तोवर तुमच्यावर संशय घ्यायला कुणी शिल्लक नसतं.

सुरुवात लावतानाच करा. बुंधा खाली जिथे पसरट होऊन मुळांत उतरतो, तो भाग मातीच्या वर दिसायला हवा म्हणतात. तुम्ही तो वीतभर खाली गाडा. रोप कसं घट्ट बसलं, असं वर कौतुकही होईल. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं तशीच राहू द्या. सोडवत बसायला वेळ कुणाला आहे? त्यातलंच एखादं मूळ पुढे जाडजूड होऊन बुंध्याला विळखा घालतं. झाडानं स्वतःच गळफास घेतला, तर त्यात तुमचा काय दोष?

पाण्याच्या बाबतीत दोन पंथ आहेत. पहिला रोज तांब्याभर शिंपडणाऱ्यांचा. वरची दोन बोटं माती ओली झाली की यांचं पुण्य पदरात पडतं, आणि मुळंही खाली उतरायचे कष्ट घेत नाहीत. दुसरा पंथ आळं कायम तुडुंब ठेवणाऱ्यांचा. मुळांनाही हवा लागते. सतत चिखलात ती गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं माना टाकतात. तहानलेल्या झाडाची पानंही अशीच माना टाकतात. मग दयाळू मालक आणखी दोन बादल्या ओततो. मला स्वतःला हा पंथ जास्त आवडतो, कारण यात खुनी रडत रडत खून करतो.

मोठ्या झाडाला पाण्यानं मारणं जड जातं. तिथे लोकांच्या एका समजुतीचा फायदा घ्या: झाड जेवढं वर, तेवढंच खाली खोल. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरलेली असतात. म्हणजे बुंध्याला हात लावायचीसुद्धा गरज नाही. सावलीत गाड्या उभ्या करा. वाळू-खडीचा ढीग टाका. माती एकदा दगडासारखी दाबली गेली की तिच्यात हवाही शिरत नाही आणि पाणीही. वरून बुंध्याला भिडेपर्यंत काँक्रीट ओतलंत, तर परिसर स्वच्छ ठेवल्याबद्दल शाबासकी वेगळी.

आता तार. माझ्या हातून घडलेलं सत्कार्य सांगतो. कपडे वाळत घालायला एका झाडाला तार गुंडाळली होती. काही वर्षांनी पाहिलं तर तार दिसेना. दोन्ही बाजूंची साल फुगून ओठांसारखी मिटली होती आणि मधून तेवढं गंजलेलं टोक बाहेर डोकावत होतं. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या अगदी आतल्या थरातून मुळांकडे जातं. बुंधा जाड होत गेला, तार मात्र होती तेवढीच राहिली, आणि खालच्या मुळांची शिदोरी तुटली. मी फक्त कपडे वाळवत होतो.

खरी कलाकुसर छाटणीत. सरसकट शेंडे उडवा. घाबरलेलं झाड झुडपासारखे धुमारे फोडेल. बघणाऱ्याला वाटेल, वा, काय जोमात आलंय! हे धुमारे वरवर चिकटलेले असतात, मोठे झाले की वाऱ्यात मोडून पडतात. बाजूची फांदी कापताना बुंध्यालगत सपाट कापा. फांदीच्या मुळाशी जी जाडसर फुगीर कड असते, ती अजिबात ठेवू नका, कारण जखम बंद करायची सोय झाडानं तिथेच करून ठेवलेली असते. खालून आधी अर्धवट काप घेऊ नका, म्हणजे फांदी पडताना हातभर साल सोलून घेऊन जाईल.

अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं करवतीनं उभी चिरून आतली कूज तपासली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड आतून भिंती घालून कूज कोंडून ठेवतं, हे त्यांनी १९७०च्या दशकात मांडलं. जखमेवर रंग किंवा डांबर फासून कूज थांबत नाही, हेही दाखवलं. तुम्ही फासाच. काळंभोर डांबर लावलेलं झाड उपचार झाल्यासारखं दिसतं, आणि आपलं काम दिसण्यापुरतंच आहे. ढोली असेल तर सिमेंट भरा. झाड वाऱ्यात डुलतं, सिमेंट डुलत नाही. दोघांचं जे काय व्हायचं ते आतल्या आत होतं.

मग एखाद्या वर्षी शेंडा वाळतो. बुंध्यावर पंख्यासारखी बुरशी उगवते, सालीला भोकं पडून भुसा गळू लागतो. हा आनंदाचा क्षण. लगेच ओरडा: कीड लागली! बहुतेक खोडकिडे खंगलेल्या झाडाकडेच येतात, हा तपशील कुणी विचारत नाही. औषध फवारा, चार दिवस हळहळा, आणि झाड धोकादायक झालंय म्हणून रीतसर परवानगी काढून तोडून घ्या.

बुंधा कापताना करवत मध्येच कशावर तरी खणकन आपटली, तर तिकडे लक्ष देऊ नका. तारच असेल.