घेतली का मी?

एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलं, डॉक्टर म्हणाले रोज रात्री एक गोळी, ॲटोरवास्टॅटिन १०, आणि मी मनात म्हटलं हात्तिच्या, एवढंच ना! कॉलरच्या बटणापेक्षा लहान गोळी हो ती.

गोळी घेणं अवघड नाहीच, घेतलीये का ते आठवणं अवघड. रात्री साडेदहाला बेसिनपाशी उभा, हातातला ग्लास अर्धा रिकामा. पाणी प्यायलो हे नक्की, पण गोळीसकट की नुसतंच? जीभ फिरवून पाहिली, काही कळेना, मग स्ट्रिपला पडलेली भोकं मोजली, सात. पण स्ट्रिप सुरू कधी केली तेच माहीत नाही, म्हणजे पुरावा आहे पण केस उभी राहत नाही. म्हटलं जाऊ दे, अजून एक घेऊन टाकू. तर ही आतून ओरडली, "लॉटरीचं तिकीट आहे का ते, दोन घेतली की चान्स वाढायला?"

डॉक्टरांनी तेच सांगितलं, जरा सभ्य भाषेत. राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी डबल नाही. आणि लिव्हर कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवतं म्हणून सिमवास्टॅटिनसारखी लवकर उतरणारी गोळी रात्री घेतात, तुमची अंगात बराच वेळ टिकते, तेव्हा सकाळी घेतली तरी चालेल, फक्त वेळ एकच ठेवा. मग मी स्ट्रिप रबरबँडने टूथब्रशलाच बांधली. आता दात घासले की नाही तेही आठवत नाही.

त्यात मी आतलं माहितीपत्रक वाचलं. मुंगीएवढ्या अक्षरात 'ग्रेपफ्रूट टाळा'. दीड महिना द्राक्षाला हात लावला नाही, घरचे समोर बसून खात होते तरी! हा त्याग अभिमानाने सांगितला तेव्हा डॉक्टर दोन सेकंद नुसते बघत राहिले. ग्रेपफ्रूट म्हणे संत्र्याच्या कुळातलं, त्याच्या रसाने आतड्यातलं गोळी मोडणारं एन्झाइम अडतं आणि रक्तात औषध वाढतं. द्राक्षं बिचारी निर्दोष. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिकही तोच घोळ घालतं, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. ते पत्रकात होतं, पण मी द्राक्षांपाशीच थांबलेलो.

मग मांड्या दुखायला लागल्या. पत्रकात स्नायुदुखी होतीच, मी गोळी परस्पर बंद केली आणि चेहरा पाडून दवाखान्यात. "परवा काय उचललंत?" कपाट. एकट्याने. तरी त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झालीय का ते बघणारी रक्ततपासणी, करायला लावली, ती नॉर्मल निघाली. पण दुखणं वाढलं किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर लगेच या, आणि मनाने बंद केलीत तर एलडीएल परत चढेल, हे दोनदा ऐकवलं.

दोन महिन्यांनी परत लिपिड प्रोफाइल, एलडीएल १०४. रिपोर्ट बघून ही म्हणाली, "म्हणजे घेत होतास की तू!" आणि लगेच, "आजची?"

मी भोकं मोजायला उठलो.