कॉम्बो राहू द्या, आधी उडी पाडा

"स्ट्रीट फायटर ६ घेतलाय, आधी कुठला कॉम्बो पाठ करू?" हा प्रश्न मला इनबॉक्समध्ये सारखा येतो. (स्ट्रीट फायटर हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम, आणि कॉम्बो म्हणजे एकामागोमाग लागणाऱ्या फटक्यांची साखळी.) माझं उत्तर ठरलेलं आहे: एकही नको. समोरचा उडी मारून अंगावर येतो ना, त्याला हवेतच झोपवायला शिका.

आपल्यापैकी बरेच जण गेम पार्लरमध्ये घडलेले. टेकन ३ हा मारामारीचाच गेम लावायचा, त्यातला एडी घ्यायचा आणि लाथांच्या बटणांवर अंगठा नाचवायचा. काय चाललंय ते ना समोरच्याला कळायचं ना आपल्याला. (मुस्तफा गेमवाल्यांचा पंथच वेगळा, ते मिळून गुंडांना मारायचे, एकमेकांना नाही.) त्या पुण्याईवर ऑनलाइन सुरुवातीचे सामने निघूनही जातात. मग कोणीतरी असा भेटतो जो काहीच करत नाही. मागे दाबून निवांत ब्लॉक करतो, तुमचा वार हुकला की एक लाथ घालतो, पुन्हा गप्प. तुमचे पाठ केलेले दहा फटक्यांचे कॉम्बो तसेच राहतात, कारण पहिला फटकाच लागत नाही.

उडीच का? गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो आणि सरळ उडीला साधारण ४५ फ्रेम लागतात, म्हणजे पाऊण सेकंद. तेवढ्यात त्याला हवेत ब्लॉक करता येत नाही. डोळ्यांनी पाहून बोट हलायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. वेळच वेळ आहे! तुम्ही रियू हा खेळाडू घेतला असेल तर खाली धरून हेवी पंच (जोरदार ठोसा), एवढंच. तरी जमत नाही, कारण आपली नजर आपल्याच रियूवर खिळलेली असते. ती उचलून समोरच्यावर ठेवायची. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला, म्हणजे सरावाच्या प्रतिस्पर्ध्याला, तीन गोष्टी रेकॉर्ड करून द्या: उडी, हडोकेन (लांबून फेकलेला ऊर्जेचा गोळा), आणि नुसतं पुढे चालणं. त्या कुठल्याही क्रमाने येऊ द्या. नुसत्या उडीचा सराव केलात तर हात आधीच तयार बसतो, आणि खऱ्या सामन्यात तोच हात दगा देतो.

एकदा का त्याच्या उड्या पडायला लागल्या की त्याला चालत यावं लागतं. तिथे खरा खेळ सुरू होतो, कबड्डीतल्या चढाईसारखा: तो पाय टाकणार, तुम्ही अंतर राखणार, कोण आधी चुकतंय ते बघायचं. मग थ्रो, म्हणजे त्याने पकडून आपटणं, सोडवणं शिका. ड्राइव्ह इम्पॅक्टला (तुमचा फटका सोसून येणाऱ्या जोरदार वाराला) घाबरू नका. तो यायला २६ फ्रेम लागतात, दिसला की आपलाही दाबायचा.

आता भांडणाचा मुद्दा. मॉडर्न कंट्रोल्स, म्हणजे गेममधली सोपी बटण-पद्धत, घेतले की काही लोक नाक मुरडतात. पुढे आणि एक बटण दाबलं की शोर्युकेन (खालून वर उसळणारा ठोसा), ही म्हणे फसवणूक! अहो, गेमने त्याची किंमत लावलेली आहे. एका बटणावर निघालेल्या अशा स्पेशल वाराचं डॅमेज २० टक्क्यांनी कमी असतं, काही वार तर मिळतच नाहीत. नवख्याने बेलाशक मॉडर्न घ्यावं. बोटांची कसरत कमी झाली की डोकं समोरच्याकडे लागतं. मी स्वतः क्लासिक, म्हणजे जुनी बटण-पद्धत, खेळते, तरी हेच सांगेन.

आणि "आता आमचं वय कुठे" हे मला ऐकवू नका. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. टेकनमध्ये लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशने २०१९ मध्ये एव्हो जपान आणि लास व्हेगासची एव्हो, या मारामारीच्या गेम्सच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा मारल्या, तेव्हा कुठे जगाला पाकिस्तानातल्या अड्ड्यांचा पत्ता लागला. जपान-कोरियात जन्मावं लागतं ही सबबही गेली.

पैसे घालायच्या आधी फुकटचा डेमो उतरवा, त्यात रियू आणि ल्यूक दोघं आहेत. रियू घ्या. ल्यूकबद्दल माझं मत चांगलं नाही, पण ते कमेंटमध्ये.