दोघींची एकच खोली आणि प्रत्येकीचा वेगळा कप्पा: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. चार ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळं आणि जरा लांबलचक लिहितेय.

ज्यांनी आधीचं काही वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन लहान मुलींची एक खोली कशी लावायची यावर मी लिहिलं होतं, त्यात दोघींचा कोपरा वेगळा, दिवा वेगळा आणि प्रत्येकीला एक कप्पा असा की ज्याला दुसरीने विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं सगळं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं की एवढ्याशा खोलीत मी सख्ख्या बहिणींमध्ये भिंत घालतेय आणि पोरींना आत्तापासून 'हे माझं ते तुझं' शिकवतेय, शिवाय लेख सजावटीचा म्हणून उघडला तर आत धोक्याच्या सूचनाच जास्त, आणि वर गुलाबी रंग चालेल असं लिहून मी मुलींना परत त्याच जुन्या साच्यात बसवलं. शेवटी बंक बेडला (एकावर एक असे दोन बेड) माझा विरोध का आणि बेड समोरासमोर लावायचे की शेजारी, हेही विचारलंय.

आधी भिंतीचं बोलू, कारण तोच मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला आणि तोच मला अजिबात पटलेला नाही. वाटून घ्यायला शिकायचं तर आधी स्वतःचं काहीतरी असावं लागतं ना? सगळंच 'दोघींचं' असलं की प्रत्यक्षात ते जिचा आवाज मोठा तिचं होतं. रोजचंच चित्र बघा, मोठी तासभर खपून ब्लॉक्सचं काहीतरी उभं करते, धाकटी येते, एक हात मारते, सगळं जमीनदोस्त, आणि आपण धावत जाऊन मोठीलाच म्हणतो, अगं लहान आहे ती, तिला कळत नाही. नाही कळत, कबूल, पण म्हणून मोठीचं गेलेलं परत येत नाही. तिला एक अशी फळी हवी जिथे धाकटीचा हात पोचत नाही, बस एवढंच मी म्हणतेय. तीन वर्षांची मुलगी साधारण ९५ सेंटीमीटरच्या आसपास असते आणि सहा वर्षांची ११५ च्या आसपास, म्हणजे हा वीसेक सेंटीमीटरचा फरक हेच तुमचं फुकटचं पार्टिशन. धाकटीला भिंतीला टेकून उभं करा, हात वर करायला सांगा, टाचा उचलू द्या, बोटं जिथे टेकतील तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि फळी त्या रेघेच्या चांगली वीतभर वर लावा. फक्त फळीखाली खुर्ची, खोका, बेडचा कठडा असं चढण्यासारखं काही ठेवू नका, नाहीतर ती रेघ दुसऱ्याच दिवशी निकालात निघेल.

आणि हो, प्रत्येकीचं वेगळं म्हणजे सगळंच वेगळं असंही मी लिहिलेलं नाही. मधली मोकळी जमीन दोघींची, पुस्तकं दोघींची, मोठी खेळणी दोघींची. वेगळं काय, तर अंथरूण-पांघरूण, दिवा, तो एक कप्पा आणि डोक्याजवळचा भिंतीचा तुकडा. 'दोघींना सगळं सेम टू सेम' ही जी हौस असते ती फोटोपुरती छान दिसते, पण मुलींना त्यात कोण कुठली हेच उरत नाही. माझा साधा हिशोब असा की मोठ्या गोष्टी, म्हणजे भिंती, पडदे, सतरंजी, या आपण ठरवायच्या आणि शांत रंगाच्या ठेवायच्या, आणि चादर, उशीचा अभ्रा, भिंतीवरची चित्रं ही ज्याची त्याची. मग एकीने डायनोसॉर घेतले आणि दुसरीने केशरी फुलं घेतली तरी खोली अंगावर येत नाही.

आता सूचना जास्त आणि सजावट कमी, हे. ताई, या वयाच्या खोलीत सजावटीच्याच वस्तू धोक्याच्या असतात, त्याला मी काय करू? पाळण्याच्या कडेला आतून बांधायच्या त्या गुबगुबीत पट्ट्याच घ्या. दिसायला इतक्या गोड की सेटमध्ये पहिलं लक्ष तिकडेच जातं, पण बाळाचं तोंड त्यात दबून श्वास अडकू शकतो म्हणून अमेरिकेने २०२२ साली कायदा करून त्यांची विक्रीच बंद केली. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर कडक गादी, तिच्यावर घट्ट बसणारी चादर, आणि बाकी काही नाही. उशी नाही, रजई नाही, टेडीसुद्धा नाही. आणि बाळ मोठ्या बहिणीच्या खोलीत झोपवणार असाल तर आणखी एक गोष्ट, ती म्हणजे मोठीचं प्रेम! बाळ रडलं की ती बिचारी स्वतःचं आवडतं पांघरूण आणि मऊ ससा गजांमधून आत सरकवते. तिला रागावण्यात अर्थ नाही, तिने चांगलंच केलंय तिच्या मते. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला मला पटतो, की पहिले निदान सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं. खोली खुशाल आधीपासून सजवा, झोपायला तिथे उशिरा पाठवा.

तसंच ड्रॉवरच्या कपाटाचं. दोन-तीन ड्रॉवर एकदम बाहेर ओढले की त्यांचा मस्त जिना होतो आणि मूल चढलं की कपाट पुढे कलतं. दोन मुली असल्या की एक ओढते आणि दुसरी चढते. भिंतीला ब्रॅकेटने आवळून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. खिडकीच्या पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या, बेडवरून सोडलेल्या दिव्यांच्या माळा, बाळाच्या डोक्यावर फिरणारी ती टांगती खेळणी (ती तर बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं की काढायचीच), हे सगळं गळ्याला फास बसू शकतो म्हणून मी लेखातून वगळलं होतं.

पण सजावटीबद्दल मी काहीच बोलले नाही हे मात्र चूक आहे हो. चित्रं कुठे लावायची यावर अख्खा परिच्छेद होता! आपण फ्रेम आपल्या डोळ्यांसमोर येईल अशी, म्हणजे साधारण १४५-१५० सेंटीमीटरवर लावतो. तीन वर्षांच्या मुलीचे डोळे असतात ८५ च्या आसपास. तिला त्या फ्रेमची खालची कड दिसते आणि काचेवर पडलेला ट्यूबलाइट. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये छोट्या मुलांसाठी 'मुलांचं घर' नावाची पहिली शाळा उघडली तेव्हापासून मुलांच्या मापाचं फर्निचर, मुलांच्या हाताशी येणाऱ्या फळ्या हे चालत आलंय, आणि आपण अजून चित्रं पाहुण्यांना दिसतील अशी लावतो. काच नको, जड फ्रेम नको, साध्या कागदी टेपने चिकटवा, फाटलं तर दुसरं लावा. भिंतीला धुता येणारा रंग असला की झालं.

भरपूर लावा असं मात्र मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या वयाची मुलं दोन प्रकारच्या वर्गात बसवून बघितली, एकात भिंती चित्रांनी गच्च आणि एकात मोकळ्या. गच्च भिंतींच्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि शिकणं कमी झालं. वर्ग वेगळा आणि झोपायची खोली वेगळी हे मान्य, पण जिथे पोरींनी शांत व्हावं अशी आपली अपेक्षा आहे तिथे चारही भिंती ओरडत असतील तर कसं व्हायचं? खेळण्यांचंही तेच. टोलेडो विद्यापीठाचा २०१८ चा एक प्रयोग आहे, त्यात छोट्या मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा, तर चार असताना एकेका खेळण्याशी ती जास्त वेळ आणि जास्त तऱ्हेने खेळली. तेव्हा थोडी बाहेर, बाकीची खोक्यात, आणि कंटाळा आला की अदलाबदल. खोका कपाटाच्या माथ्यावर ठेवलात तर कपाट आवळलेलं हवं, हे परत सांगतेय, रागावू नका.

गुलाबीचं फार ताणत नाही. १९१८ साली अमेरिकेत मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी रंग मुलग्यांसाठी आणि निळा मुलींसाठी असं छापलं होतं, गुलाबी म्हणे जास्त ठसठशीत. म्हणजे रंगाला जन्मजात काही चिकटलेलं नाही. मुलीने मागितला तर द्यायचा, नाही मागितला तर आपणहून आणायचा नाही, संपलं. मागणाऱ्या मुलीला 'नको, गुलाबी वाईट' म्हणणं ही पण वरून लादलेलीच गोष्ट झाली की. आणि सगळं फिकट बिस्किटी रंगाचं करण्याची जी फॅशन आलीये ती तर शंभर टक्के आईच्या फोनसाठी असते, स्पष्टच बोलते. फक्त अख्खी भिंत रंगवण्याआधी चादरीवर भागतंय का बघा, कारण आवड बदलली की चादर बदलते, भिंतीला रंगारी लागतो.

बंक बेडला माझा सरसकट विरोध नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये हा नियम बहुतेक ठिकाणी सांगितला जातो आणि तो मी पाळा म्हणते. मोठी सात-आठ वर्षांची असेल, दोन्ही बाजूंना कठडा असेल, वर छताचा पंखा हाताला लागत नसेल तर घ्या खुशाल. पण धाकटी शिडी चढणारच, दिवसातून पाच वेळा, तुम्ही भांडी घासत असताना. शिवाय वरच्या गादीची चादर बदलणं ही आईसाठी वेगळीच कसरत आहे, ती जाहिरातीत दाखवत नाहीत.

त्यापेक्षा ज्यावर कुणी विचारतच नाही ते सांगते, झोपेच्या वेळा. एका खोलीचा खरा घोळ तिथे होतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसकट दहा ते तेरा तास झोप लागते आणि सहाच्या पुढे नऊ ते बारा तास, म्हणजे धाकटी झोपल्यावर मोठी अजून तासभर जागी असणार आणि ती त्याच खोलीत. म्हणून वेगळा दिवा. क्लिपने लावायचा, मान वळणारा, पिवळसर उजेडाचा, खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेलं असतं तो, आणि धाकटीच्या डोळ्यांवर येणार नाही असा वळवलेला. मोठीचे सकाळचे कपडे, दप्तर, वाचायचं पुस्तक हे धाकटीला झोपवायच्या आधीच बाहेर काढून ठेवा, कारण रात्री त्या कपाटाचं दार नेमकं तेव्हाच करकरतं. धाकटीचा बेड दारापासून लांबच्या कोपऱ्यात, मोठीचा दाराजवळ, म्हणजे तिला अंधारात कुणाच्या अंगावरून जावं लागत नाही.

बेड समोरासमोर की शेजारी, हा तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. जागा असेल तर मी काटकोनात लावीन, कोपऱ्यात दोघींचं उशाचं टोक जवळ, मधे एक बुटकं कपाट, त्याचे दोन कप्पे वरचा मोठीचा आणि खालचा धाकटीचा. जागा नसेल तर दिवसा आत सरकणारा ओढता बेड, मात्र त्याची चाकं लॉक होतात का ते आधी बघा. खोलीची लांबी-रुंदी, खिडकी कुठल्या भिंतीला आणि दार आत उघडतं की बाहेर, एवढं लिहून पाठवा, तुमच्या खोलीत कुठलं बसेल ते सांगते.