हाताची घडी, तोंडावर बोट

नोकरीत पुढं जायचं असेल तर माल, हिशेब, यंत्र, माणसं यांतलं काहीही समजून घ्यायच्या फंदात पडू नका. देहबोली वाचायला शिका. मी शिकलो. गेल्या महिन्यात, दुसऱ्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेनऊपासून. चहाबरोबर दोन बिस्किटं होती.

चाकणच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. 24 वर्षं झाली. एवढी वर्षं कोण खरं बोलतंय नि कोण थापा मारतंय हे ओळखायला मी मालाबरोबर येणारं चलन, माल मिळाल्याची जीआरएन पावती आणि माल बाहेर सोडायचा गेटपास असली मागासलेली साधनं वापरत होतो. प्रशिक्षक सरांनी डोळे उघडले. म्हणाले, कागद खोटा असू शकतो, शरीर कधीच खोटं बोलत नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण कोण वाजवत नाही याची मागं बसून नोंद चालली होती.

तर आता तुम्हीही शिका. फुकट सांगतो.

सुरुवात हातांपासून. समोरच्यानं हाताची घडी घातली की तो काहीतरी लपवतोय. बोट तोंडाशी गेलं की आतलं खोटं बाहेर सांडू नये म्हणून बूच लावतोय. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी रोज ओरडायचे, "हाताची घडी, तोंडावर बोट!" आणि साठ पोरं एका दमात लबाड व्हायची. गुरुजींना वाटायचं वर्ग शांत झाला. भाबडा माणूस.

त्या शनिवारी मीही घडी घातली होती. एसी अठरावर होता आणि रिमोट एचआरच्या मॅडमपाशी. सरांनी मला उभं केलं. "हे बघा, क्लासिक डिफेन्सिव्ह." चाळीस जणांनी मान वळवून मला पाहिलं. मी घडी सोडली, तर हात आपोआप खिशात गेले. ते म्हणे त्याहून वाईट.

नाक खाजवणारा खोटारडा. चाकण-तळेगाव रस्त्यानं दुचाकीवर येणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

डोळ्यांचे बुबुळ उजवीकडे वर गेले की माणूस गोष्ट रचतोय, डावीकडे गेले की आठवतोय. हे 2012 साली मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून तपासलं आणि त्यात काही तथ्य निघालं नाही, पण तुम्ही मनावर घेऊ नका. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. स्क्रीन वाचायची तर हनुवटी वर करावी लागते आणि जिना उतरायचा तर मान पार छातीला टेकवावी लागते. म्हणजे बसलो की उर्मट, चाललो की अपराधी.

पावलं दाराकडे वळलेली असतील तर त्याला पळून जायचंय. शिफ्ट सुटायच्या आधी पाच मिनिटं बघा, अख्खा शॉप फ्लोअर फरार व्हायच्या बेतात असतो.

पुढचं महत्त्वाचं. आकडे फेका. सरांच्या स्लाइडवर मोठा गोल होता: शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38, देहबोलीचा 55. तुमच्याही साहेबाच्या केबिनमध्ये हा गोल कुठंतरी चिकटवलेला असेल. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 सालच्या प्रयोगांतले. त्यांत लोकांना सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. एवढंच. खोटं पकडण्याचा तिथं दुरून संबंध नाही. पण शब्द जर सातच टक्के असतील, तर आमच्या होसूरच्या सप्लायरचा माणूस व्हिडिओ कॉलवर तमिळमध्ये करवादतो त्यातलं मला 93 टक्के कळायला हवं. मला फक्त 'चाकण' कळतं.

कोणी शंका काढलीच तर चाणक्याला पुढं करा. सरांनी केलं. अर्थशास्त्रात राजाच्या अन्नात विष घालणाऱ्याची लक्षणं खरोखरच दिली आहेत: तोंड कोरडं पडणं, बोलताना अडखळणं, घाम, जांभया, थरथर, आपल्या जागेवर न थांबणं. आता मे महिना आणि पत्र्याची शेड डोळ्यांसमोर आणा. दुपारी दोन वाजता आमच्याकडे दीडशे विषप्रयोगी काम करत असतात. जागेवर न थांबणारे तर ऑफिसात वेगळेच, ते चहाच्या मशीनपाशी सापडतात.

आणि सगळ्यांत शेवटी, नजर. ही नीट ऐका.

खोटं बोलणारा डोळ्याला डोळा देत नाही. हे सरांनी तीनदा सांगितलं आणि मॅडमनी तीनदा लिहून घेतलं. त्यांना परीक्षेची संधी मंगळवारीच मिळाली. स्टॉक मोजताना बेअरिंगचे चार बॉक्स कमी भरले. माझ्या हाताखाली एक कंत्राटी पोरगा आहे, बीडकडचा, बावीस वर्षांचा. त्याला केबिनमध्ये बोलावलं. पलीकडे प्लँट हेड, मॅडम आणि पर्चेसचे साहेब. अलीकडे हा, उभा. "बॉक्स कुठं गेले?" पोरगा फरशीकडे बघून म्हणाला, "मला म्हाईत न्हाई, सर." मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे बघून बोल." त्यानं एकदा वर पाहिलं, आवंढा गिळला, पुन्हा खाली.

अहो, खालीच बघणार! मोठ्या माणसापुढं मान खाली घालायची हे त्याला घरात शिकवलंय. तुम्हाला-मला नव्हतं शिकवलं? "वर डोळे करून बोलतोस?" म्हणत एक कानाखाली बसली नाही असा कोणी आपल्या पिढीत असेल तर हात वर करा. त्यातून ज्याचं कंत्राट एक तारखेला संपतं, ज्याच्या पगारावर गावाकडे बहिणीची फी जाते, तो तीन खुर्च्यांपुढं उभा राहून आवंढा गिळणार नाही तर काय शीळ घालणार? मॅडमनी फॉर्मवर लिहिलं: नजर चुकवतो, आवंढा गिळतो, माहिती लपवत असण्याची शक्यता. तीन दिवस गेट बंद. बिनपगारी.

पर्चेसचे साहेब मात्र प्रशिक्षणात पहिले आलेले. पाठ ताठ, तळवे उघडे, नजर थेट. "माझ्या हातून एकही बॉक्स बाहेर गेलेला नाही." दहापैकी दहा.

शुक्रवारी संध्याकाळी मी गेटवर जाऊन गेटपासचं बुक उघडलं. सिक्युरिटीकडे राहते ती तिसरी, पिवळी कार्बन कॉपी. बेअरिंग, चार बॉक्स, रिजेक्शन, सप्लायरला परत. खाली पर्चेसच्या साहेबांची सही. सिस्टीममध्ये एंट्री करायची राहिली होती. मी कॉपी टेबलावर ठेवली, तर साहेब हसून म्हणाले, "अरे हो, विसरलोच की." तेही माझ्या डोळ्यांत बघून.

झालं. माझा उपरोध इथं संपला, मला पुढं जमत नाही.

58 देशांतल्या लोकांना विचारून झालंय की खोटारडा कसा ओळखावा. बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर हेच: तो डोळ्यांत बघत नाही. आणि मोजायला गेलं तर नजरेचा नि खोट्याचा संबंध जवळजवळ नाहीच. ही समजूत खोटारड्यालाही माहीत असते, म्हणून तो टक लावून बघतो. 2006 साली दोनशेहून जास्त अभ्यासांचे निकाल एकत्र केले, सुमारे 25 हजार लोकांचे. खरं-खोटं ओळखण्यात माणूस शंभरात 54 वेळा बरोबर निघाला. नाणं उडवलं तर पन्नास. या चार गुणांसाठी तुम्ही आमचा शनिवार घेतलात आणि त्या पोराची तीन दिवसांची मजुरी. अमेरिकेनं विमानतळांवर हाच उद्योग 2007 पासून केला, 90 कोटी डॉलर घातले, आणि 2013 मध्ये त्यांच्याच सरकारी हिशेबतपासनिसांनी सांगितलं की यावरचा खर्च आवरा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली सांगून ठेवलंय की संमतीशिवाय कोणाला लाय डिटेक्टरला बसवता येणार नाही. तिथं निदान यंत्र होतं. तुमच्याकडे काय आहे? बॉलपेन.

खोटं पकडायची खरीच हौस असेल तर आधी कागद काढा, हातातला पुरावा लगेच दाखवू नका, माणसाला बसायला खुर्ची द्या, त्याला सगळं सांगू द्या, मग ते कागदाशी ताडून बघा. स्वीडनमध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींना असंच शिकवलं, तर शंभरात 85 वेळा ते बरोबर निघाले. न शिकवलेले 56 वेळा. पण त्यासाठी गेटपर्यंत चालत जावं लागतं. तुम्हाला केबिनमधून उठायचं नव्हतं. आणि खरं सांगू का, तुम्ही देहबोली वाचलीच नाहीत. तुम्ही पगाराची पावती वाचलीत. ज्याचा आकडा लहान, त्याचा आवंढा तेवढा तुम्हाला दिसला. मी घडी घातली तर डिफेन्सिव्ह. प्लँट हेड दिवसभर घडी घालून फिरतात, ते विचारमग्न. लाज वाटायला हवी होती. तीन दिवसांचे पैसे अजून दिलेले नाहीत, 'फाइल वर गेली आहे' हे मला सांगताना मॅडम मोबाइलमध्ये बघत होत्या.

पोरगा शनिवारपासून कामावर आला. कंत्राटदाराच्या सुपरवायझरनं त्याला समजावून पाठवलंय, की इथं नजरेला नजर देऊनच बोलायचं. आता तो माझ्यासमोर उभा राहतो आणि डोळे फाडून माझ्याकडं बघतो. पापणी लवत नाही. काल माल उतरवून घेताना नग बोलत होता, तेव्हाही तसाच. मी म्हटलं, अरे बाळा, खाली बघ, चलन तिथं आहे.