चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणून अळमी (जंगली मशरूम) खायची?

परवा सकाळी साडेसातला आईचा फोन. "मावशीनं ग्रुपवर पाठवलंय ते बघितलंस? मी नाणं घालून उकळलं, काळं नाही झालं, भाजी करू ना आता?" मी पणजीत, आई गावी सत्तरी तालुक्यात. पोटात गोळाच आला. म्हटलं गॅस बंद कर आणि व्हिडिओ कॉल लाव.

स्टीलच्या टोपात पांढरी अळमी, तळाशी लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं. पुतण्यानं घरामागच्या अकेशियाच्या झाडांखालून आणलेली. बहुतेकांचे देठ मध्येच मोडलेले, पण ओट्यावर एक न धुतलेलं अख्खं राहिलं होतं, त्याच्या बुडाला मातीचा गोळा. म्हटलं ती माती अंगठ्यानं हळू काढ. माती निघाली आणि आत पातळ पांढरी पिशवी दिसली, अंड्याचं कवच फुटून खाली राहावं तशी. देठावर वरच्या बाजूला पडद्यासारखी कडी, टोपीखालच्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र. बुडाला पिशवी, देठाला कडी आणि पांढऱ्या पट्ट्या, तिन्ही एकत्र म्हणजे अमानिता नावाच्या कुळातलं अळमं असण्याची दाट शक्यता, आणि जगात अळमी खाऊन जी माणसं मरतात त्यातली बहुतेक याच कुळातल्या काही जातींमुळे. नेमकी कुठली जात ते बघत बसायची गरजच नव्हती. सगळं टाकायला लावलं, पाण्यासकट.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. "जंगली अळमी ओळखा सात सोप्या घरगुती पद्धतींनी, पूर्वजांचं ज्ञान, जास्तीत जास्त लोकांना पाठवा." पावसाळा लागला की दरवर्षी कुठून तरी उगवतो. मावशीनं प्रेमानंच पाठवला, तिच्यावर राग नाही माझा, राग हे लिहिणाऱ्यावर आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, नाणं किंवा लसूण काळी पडली तर विषारी. चांदी काळी पडते गंधकामुळे, उकडलेल्या अंड्याला लागली तरी पडते. अमानितातलं जे जीवघेणं विष आहे, अमाटॉक्सिन, त्याचं चांदीशी काही होत नाही. लसूण, तांदूळ, कांदा, कशाशीच होत नाही. म्हणजे नाणं चकचकीत राहतं आणि माणूस जातो. आमच्या टोपातलं नाणं चकचकीतच होतं.

दुसरा, किडे-गोगलगायींनी खाल्लेलं असेल तर सुरक्षित. गोगलगायी विषारी अमानिताही आरामात कुरतडतात, त्यांचं शरीर वेगळं, आपलं वेगळं. तिसरा, रंगीत ते विषारी आणि पांढरं ते चांगलं. अहो, सगळ्यात मारक अमानितांपैकी काही तर दुधासारख्या पांढऱ्या असतात! चौथा, लाकडावर उगवलेलं चालतं. गॅलरिना नावाचं छोटं तपकिरी अळमं कुजक्या लाकडावरच येतं आणि त्यातही तेच अमाटॉक्सिन असतं. हे तीन मुद्दे इथेच सोडते.

पाचवा, हळद-चिंच-मीठ घालून अर्धा तास उकळलं आणि पाणी ओतून टाकलं की विष निघून जातं. नाही निघत. हे विष उकळून, तळून, वाळवून, फ्रीजरमध्ये ठेवून, कशानंच मोडत नाही.

आता सहावा, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले. शब्दशः असा आहे: "शंका असल्यास घरातील एका मोठ्या व्यक्तीने थोडे खाऊन दोन तास थांबावे, काही झाले नाही तर सर्वांनी खावे." हे वाचून माझे हात थरथरले. घरात कोण चाखून बघणार? आजी बघणार, आई बघणार, "माझं काय, माझं झालंय सगळं" म्हणत. आणि दोन तासांत काहीही होणार नाही, कारण अमाटॉक्सिनची लक्षणं सुरूच होतात साधारण सहा ते बारा तासांनी, कधी चोवीस तासही लागतात. म्हणजे चाखणारी बाई ठणठणीत, मग पोरंबाळं सगळी पोटभर जेवणार, आणि मध्यरात्री एकापाठोपाठ एक सगळ्यांना उलट्या-जुलाब. त्यापुढचं तर अजून फसवं आहे. एक-दीड दिवसानं उलट्या थांबतात, माणूस उठून बसतो, पेज मागतो, घरच्यांना वाटतं उतार पडला, डॉक्टरकडे कशाला. नेमकं त्याच वेळी आत लिव्हर निकामी होत चाललेलं असतं. या विषानं पेशींना नवीन प्रोटीन बनवताच येत नाही आणि सगळ्यात जास्त मार लिव्हरला बसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे, मग शुद्ध हरपते. मोठ्या माणसाला मारायला एखादं अळमं पुरतं, लहान मुलाला त्याहून कमी. आणि "कडू लागलं तर थुंका" असंही त्यात लिहिलंय. कडू लागतच नाही. यातून वाचलेल्या लोकांनी सांगितलंय की चव चांगली होती.

कुणाला वाटेल मी उगाच घाबरवते, तर एप्रिल २०२२ मध्ये आसामात काय झालं ते आठवा. वरच्या आसामातल्या चहाच्या मळ्यांवरची माणसं, पाच-सहा दिवसांत दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजमध्ये ३५ जण दाखल, जंगली अळमी खाऊन. त्यातले १३ गेले. लहान मूलसुद्धा होतं. ही कुणी शहरातून हौसेनं रानात गेलेली माणसं नव्हती, पिढ्यानपिढ्या अळमी वेचून खाणारी होती. "आपले पूर्वज खायचे, त्यांना कुठे काय झालं" म्हणणाऱ्यांनी हे १३ जण डोळ्यांसमोर आणावेत.

आता सातवा मुद्दा, रोयणीवरची, म्हणजे वाळवीच्या वारुळावरची, अळमी चांगलीच असतात. हा अर्धा खरा आहे आणि तेवढं मान्य करायलाच पाहिजे. रोयणीची अळमी म्हणजे टर्मिटोमायसिस, वाळवी वारुळाच्या आत स्वतः या बुरशीची शेती करते, पोळ्यासारखा मऊ गोळा करून त्यावर वाढवते आणि पावसात तिथूनच अळमी वर येतात. आपल्या गोव्यात श्रावणात मासळी बंद असते तेव्हा अळम्यांची शागोती ज्या घरी होते त्या घराचा वास शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतो, मीही ती खाऊनच वाढले, आणि कुणी अळमी बंद करा म्हटलं तर सगळ्यात आधी मी भांडेन. पण "रोयणीवरची" आणि "रोयणीच्या आसपासची" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वारुळाशेजारी झाड असतं, झाडाच्या मुळाशी अमानिता येऊ शकते, दोन्ही पांढुरकी, कोवळी असताना दोन्ही अंड्यासारखी.

खऱ्या रोयणीच्या अळम्याला बुडाला पिशवी नसते, देठ खाली निमुळता होत मुळासारखा आत आत जातो, कधी हातभर, थेट वाळवीच्या त्या गोळ्यापर्यंत. टोपीला मधोमध बहुतेक टोक असतं, माती भेदून वर यायला. म्हणून माझी आजी अळमं कधी ओढून मोडायची नाही, काठीनं बाजूची माती सैल करून अख्खं काढायची आणि मूळ बघूनच पदरात टाकायची. वरचेवर देठ मोडला तर पिशवी मातीतच राहते आणि ओळखायची सगळ्यात महत्त्वाची खूण गेली. पुतण्यानं नेमकं तेच केलं होतं. मोबाईलवरच्या ॲपचंही तेच, वरून काढलेल्या फोटोत बूड दिसतच नाही.

पांढऱ्या कागदावर टोपी रात्रभर पालथी ठेवली तर बीजाणूंचा रंग उमटतो, टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबी, अमानिताचा पांढरा. लॉनवर, फुटबॉलच्या मैदानावर छत्रीसारखी मोठी, पांढरी-तपकिरी खवल्यांची येतात त्यांचा हिरवट, ती खाल्ली तर दोन-तीन तासांतच भयंकर उलट्या-जुलाब. पण गुलाबी उमटला म्हणून खायचं असं मुळीच नाही, दुसऱ्याही गुलाबी बीजाणूंच्या जाती आहेत. ही खूण फक्त नको ते बाहेर काढायला.

आणि आजीचं म्हणाल तर ती रानभर हिंडून "हे विषारी, हे चांगलं" करत नव्हती. तिच्या ठरलेल्या चार रोयणी होत्या, भाटाच्या (बागायतीच्या) वरच्या बांधावर, दर वर्षी तिथलंच आणि तेच एक अळमं. नाणं तिनं कधी टोपात घातलं नाही. पूर्वजांचं ज्ञान म्हणतात ते हे, आणि या मेसेजमध्ये त्यातलं काहीही नाही.

चुकून खाल्लं गेलंच तर ताक, मिठाचं पाणी वगैरे करत बसू नका, जे त्या मेसेजच्या शेवटी लिहिलंय. १०८ लावा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजमध्ये) न्या, बरं वाटत असलं तरी न्या, ज्या ज्या माणसानं खाल्लं त्या प्रत्येकाला न्या. उरलेली अळमी, सोललेले तुकडे, कचऱ्यातले देठसुद्धा कागदात गुंडाळून बरोबर घ्या. किती वाजता खाल्लं ते डॉक्टरांना सांगा, सगळं त्या वेळेवर ठरतं.

हे सगळं काल मावशीला फोनवर सांगितलं. तिनं मेसेज ग्रुपवरून काढला आणि मग हळूच विचारलं, "मग बांधावरच्या रोयणीची आली तर आणू की नको गे?" म्हटलं आण, पण न धुता, मुळासकट, मातीसकट आण.