शर्यत भरवा, श्रीमंती घालवा

पैसा साठून राहिलाय आणि तो कुठे घालवावा हे सुचत नाही? जुगाराच्या नादी लागू नका, त्यात चुकून जिंकायची भीती असते. सरळ एक सर्किट बांधा आणि फॉर्म्युला वनला आमंत्रण धाडा.

आमंत्रण तुमचं, तरी पैसे तुम्हीच मोजायचे. याला यजमानपदाचं शुल्क म्हणतात. एकदा ठरलं की पुढची काळजी नको, ते आपलं आपण वाढतं. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन सर्किटच्या मालकांनी, म्हणजे ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबने, दरसाल 5 टक्के वाढीच्या कलमाखाली सही केली. 2010 मध्ये सुमारे 1.15 कोटी पौंड असलेलं शुल्क 2017 पर्यंत 1.62 कोटींवर गेलं. लोक तिथे झुंडीने येतात, तरीही 2015 मध्ये 28 लाख आणि 2016 मध्ये 48 लाख पौंडांचा तोटा झाला. रिकाम्या स्टँडवर तोटा कुणीही करेल हो. भरल्या स्टँडवर करून दाखवायला कसब लागतं.

आता कमाईकडे वळू. टीव्हीचे हक्क? फॉर्म्युला वनवाल्यांचे. ट्रॅककडेच्या जाहिराती? बहुतेक करारांत त्यांच्याच. पॅडॉक क्लबातली, म्हणजे खास महागड्या कक्षातली, पाहुणेमंडळी? तीही त्यांचीच. तुमच्या वाट्याला तिकिटं, आणि आभाळाकडे बघणं. 2012 मध्ये सिल्व्हरस्टोनला इतका पाऊस झाला की पार्किंगच्या शेतांत गाड्या रुतून बसल्या. शेवटी पार्किंगचे पैसे आधीच भरलेल्या प्रेक्षकांना शनिवारी कृपया येऊ नका, असं सांगायची वेळ आली. 2021 मध्ये बेल्जियममधल्या स्पा सर्किटवर लोक तासन्‌तास भिजत बसले. त्यांना सेफ्टी कारच्या, म्हणजे वेग आवरायला पुढे चालणाऱ्या गाडीच्या, मागे रांगेने फिरणाऱ्या गाड्या तेवढ्या दिसल्या, आणि चालकांना अर्धे गुण मिळाले. अर्धे पैसे परत मागायला प्रेक्षक कुणाच्या दारात जातात, हे वेगळं सांगायला नको.

पण तुम्ही खचू नका. तोटा झाला की ‘प्रदेशाला झालेला फायदा’ मोजणारा अहवाल करून घ्या. हॉटेलं भरली, टॅक्स्या धावल्या, जगाने आपलं नाव ऐकलं, असं त्यात लिहिलेलं असतं. जी माणसं एरवीही आलीच असती, त्यांचा खर्चही बेरजेत घ्यायचा. अहवाल त्यानेच गुटगुटीत दिसतो. आणि आसपास हॉटेलं नसतील तर ‘पुढे होतील’ असं लिहायचं. दक्षिण कोरियाने सोलपासून शेकडो किलोमीटर दूर, योंगामला ट्रॅक बांधला. त्याचा एक भाग तर भावी शहराचे रस्ते म्हणूनच आखला होता. शहर काही उगवलं नाही, आणि शर्यत 2010 ते 2013 अशी चार वर्षं टिकली. आपल्या बुद्ध सर्किटने तीन वर्षांतच आटोपतं घेतलं. व्हिएतनामच्या हॅनोईने तर सगळ्यांवर ताण केली: ट्रॅक बांधून तयार, 2020 ची शर्यत करोनाने रद्द, आणि पुढे ती झालीच नाही. काटकसर याला म्हणतात.

खरे हौशी असाल तर नुसत्या ट्रॅकवर थांबू नका. जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंग सर्किटला सरकारी पैशाच्या टेकूवर करमणुकीचं भलंमोठं संकुल उभं राहिलं, वर शर्यतीच्या गाडीच्या वेगाची रोलर कोस्टरही. त्या भानगडीत 2009 मध्ये राज्याच्या अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला, 2012 मध्ये सर्किटने दिवाळं काढलं, आणि ती रोलर कोस्टर अखेर 2013 मध्ये सुरू होऊन जेमतेम चार दिवस चालली.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. करारातून बाहेर पडायचं कलम आधीच घालून ठेवा. सिल्व्हरस्टोनने 2017 मध्ये तेच वापरलं, 2019 नंतर शर्यत नको म्हणून कळवलं, आणि ती मुदत संपता संपता समोरच्यांनी नवा करार केला. पण तुम्ही हे कलम वापरू नका बरं का, नाहीतर पैसे शिल्लक राहायचे.